वीस दात्यांची सायकल

मित्रांनो, रस्त्याने जाताना मी दिसलो तर तुम्ही म्हणाल, 'ती बघा सायकल!' म्हणा, माझी हरकत नाही. पण खरे सांगायचे तर चाके, चेन, हँडल, सीट हे सगळे माझ्याकडे आले, गेले आणि पुन्हा आले. मी म्हणजे त्यांच्या मधला सांगाडा. पोलादाच्या आठ पोकळ नळ्या आणि पुढचे चाक धरणारा एक चिमटा, एवढाच माझा पसारा. वय विचाराल तर पन्नाशी उलटली आहे.

मला घडवणारा कारागीर बुटका आणि अबोल होता. त्याची खोली इतकी अरुंद होती की लांब नळी वळवायची झाली तर खिडकी उघडून तिचे टोक बाहेर काढावे लागे. माझी पहिली आठवण आहे ती आगीची. तो नळीचे टोक कानशीने घासून लख्ख करी, दुसऱ्या नळीच्या खोबणीत बसवी आणि मग त्यावर निळी ज्योत धरी. पोलाद शेंदरी होऊ लागले की तो पितळेची काडी सांध्याला नुसती टेकवी. काडी वितळे आणि पितळ आपण होऊन आत शिरे. तहानलेल्याने घटाघटा पाणी प्यावे तसा तो सांधा पितळ पिऊन टाकी. पोलाद वितळत नाही, वितळते ते पितळ, आणि तरी दोघे जन्माचे एक होतात. एवढी वर्षे झाली, पण या गोष्टीचे माझे नवल अजून सरलेले नाही.

माझ्या मागच्या बाजूला, चाकाचा दांडा बसतो तिथे, त्याने दोन आडव्या खाचा कापल्या. चांगल्या अंगठ्याएवढ्या लांब.

"एवढ्या लांब कशाला?" त्याच्या बायकोने विचारले.

"चाक मागेपुढे सरकवता आलं पाहिजे," तो म्हणाला. "आज याला काय लावतील, उद्या काय लावतील, आपल्याला काय ठाऊक!"

त्या दिवसभरात तो एवढेच बोलला.

माझी पहिली वर्षे मानाची होती. एका शर्यतपटूने मला विकत घेतले. माझ्यावर दहा गिअर चढले, अंगाखांद्यावरून बारीक वायर धावू लागल्या. मी वाऱ्याशी भांडलो, वळणांवर जमिनीला टेकेन की काय इतका कललो. शर्यत संपली की लोक माझ्या नळ्यांवरून हात फिरवत. पण त्याचा गुडघा दुखावला आणि त्याने मला विकले. दुसऱ्या मालकाने मला पावसात उभे केले. तिसऱ्याने माझी चाके काढून दुसऱ्या सायकलला लावली आणि हँडल कुणाला तरी देऊन टाकले. शेवटी उरलो तो मी आणि माझा चिमटा. एका फुलवालीने मला धुळीसकट निळा रंग फासला आणि दुकानाच्या दारावर दोन आकड्यांना टांगले. माझ्यावर एक वेल सोडला. येणारेजाणारे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. दिसायला मी अगदी सुखात होतो. पण मित्रांनो, तीन वर्षांत मी एक वीतभरही पुढे सरकलो नव्हतो.

मग एका सकाळी ताई आली.

सगळा बाजार तिला ताईच म्हणत असे. पंचेचाळिशीची, रुंद मनगटांची, नखांत कायमचे काळे वंगण असलेली सायकल दुरुस्त करणारी बाई. तिने फुलांकडे पाहिलेही नाही. वेल बाजूला सारला आणि माझ्या मागच्या खाचेत अंगठा घालून तो पुढेमागे सरकवून पाहिला.

"ही फ्रेम द्याल का?"

"अहो, फुलांच्या दुकानात येऊन लोखंड काय मागता?" फुलवाली म्हणाली.

"हिच्या खाचा आडव्या आहेत. महिनाभर शोधतेय मी."

"आणि वेल कुठे सोडू? तुमच्या डोक्यावर?"

ताईने दारातल्या हातगाडीचे चाक पायाने जरासे ढकलले. चाक असे काही किंचाळले की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर डोकावला.

"हे कधीपासून रडतंय?"

"रडू दे. सवय झालीये मला."

"ते हसतं करून देते, आणि वेलाला तारेची जाळी ठोकून देते. मग तर झालं?"

दुपारी गाडीचे चाक लोण्यासारखे फिरू लागले आणि मी ताईच्या खांद्यावरून तिच्या दुकानात गेलो.

दुकान छोटे होते, पण त्याला शिस्त होती. भिंतीवर प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची पांढरी रेघ काढलेली. पाना जागेवर नसला की भिंतीवर त्याचे रिकामे चित्र दिसे. मागच्या दाराने बाहेर पडले की फरसबंद अंगण आणि वर राहण्याच्या दोन खोल्या. दाराजवळच्या स्टुलावर एक माणूस वर्तमानपत्र धरून बसला होता. तो ताईचा भाऊ. ती त्याला धाकट्या म्हणत असे, जरी धाकट्याचे केस कानांजवळ पिकू लागले होते.

धाकटा पियानो जुळवणारा होता. अठरा वर्षे तो सायकलवर हत्यारांची चामडी पिशवी अडकवून घरोघरी, शाळाशाळांतून फिरला होता. बिघडलेल्या सुरांना ताळ्यावर आणणे हे त्याचे काम. आठ महिन्यांपूर्वी एका घरी जिन्यावरून पियानो उतरवताना पट्टा तुटला. बाकी सगळ्यांनी उड्या मारल्या. याने उडी मारली नाही. पियानो पडेल म्हणून याने हात पुढे केला आणि उजवे मनगट कठड्यात चेंगरले. हाडे जुळली, पण बोटे मिटेनात. ती आकड्यासारखी वाकून तशीच आखडून राहिली. दवाखान्यातून घरी आला त्याच आठवड्यात त्याने आपली सायकल देऊन टाकली आणि पिशवी खाटेखाली सरकवली. तेव्हापासून तो त्या स्टुलावर बसत असे.

"हे काय आणलंस?" त्याने मला पाहून विचारले.

"तुझी सायकल."

"हिला चाकं नाहीत, हँडल नाही, आणि म्हणे माझी!"

"होईल सगळं."

"ताई, ब्रेक कोण दाबणार? गिअर कोण बदलणार? तू मागून पळणार आहेस का?"

"गिअर नसतीलच. एकच गती. आणि मागचा ब्रेक पायाने लागेल."

"पायाने! मग हँडल काय दातांनी धरू?"

"दाते लागणारच आहेत," ताई म्हणाली, "पण चेनच्या चकतीचे. तुझे असू देत तुझ्याकडे."

धाकटा हसला नाही. त्याने वर्तमानपत्र उलटे करून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले.

ताईने माझा रंग खरवडला. निळ्याखाली लाल निघाला, लालखाली हिरवा आणि त्याखाली माझे खरे करडे अंग. मग डोळ्याला भिंग लावून तिने माझा एक एक सांधा तपासला. शेवटच्या सांध्यापाशी तिचा हात थांबला.

"धाकट्या, हे बघ. चाळीस वर्षं झाली असतील, केसाएवढी फट नाही. कोण असेल रे हा माणूस!"

धाकटा उठून आला आणि वाकून पाहू लागला. त्या दोघांचे श्वास माझ्या सांध्यावर पडत होते. माझा अबोल कारागीर तिथे हवा होता, असे मला फार वाटले.

मित्रांनो, दुकानातून नवी सायकल आणणे आणि एखाद्या माणसासाठी एक एक भाग निवडून सायकल बांधणे यांत किती अंतर आहे, ते मी तिथे पाहिले. ताई आधी भाग शोधत नसे. आधी ती धाकट्याकडे बघत बसे. तो जिना कसा उतरतो, कप कसा उचलतो, खुर्ची ओढताना उजव्या हाताचा कोणता भाग वापरतो. बघून झाले की जुन्या भागांच्या पेट्यांत हात घाली.

आधी आला पायाने थांबवायचा हब, म्हणजे मागच्या चाकाच्या मधला भाग. एका मोडीत निघालेल्या जड सायकलीतला तो होता. ताईने तो उघडला आणि त्याचे छर्रे, शंकू, पट्ट्या धाकट्याच्याच वर्तमानपत्रावर मांडल्या. त्यामुळे त्याला बघणे भाग पडले.

"पायडल पुढे फिरवलं की हा शंकू इकडे सरकतो आणि चाक ओढतो," ती म्हणाली. "मागे दाबलं की तिकडे सरकतो, या पट्ट्या फाकवतो, आणि चाक थांबतं."

"म्हणजे तोच पाय पळवतो आणि तोच थांबवतो?"

"तोच."

धाकट्याने तो शंकू डाव्या हातात घेतला आणि कितीतरी वेळ फिरवत राहिला. मीही थक्क होऊन पाहत होतो. मला आयुष्यभर वायरींनी थांबवले होते. मुठीएवढ्या डबीत धावणे आणि थांबणे शेजारी शेजारी राहतात, हे मला माहीत नव्हते. हब माझ्या दोन खाचांमधल्या जागेपेक्षा जरा अरुंद होता. ताईने दोन्ही बाजूंना वॉशर घालून ती उणीव भरून काढली.

हँडलच्या बाबतीत मात्र ताई पाच वेळा फसली. खाली वळलेले हँडल धाकट्याला धरता येईना. सरळ दांडीवर त्याचे मनगट दुखू लागले. शेवटी मागे वळलेले, रुंद हँडल जमले. त्यावर हात आपसूक टेकत. पण उजवा हात घसरे. ताईने बुचाच्या लाकडाचा ठोकळा घेतला आणि कानशीने घासत घासत त्याच्या तळहाताच्या खळग्यात बसेल असा रुंद टेका केला. पहिला बोचला, दुसरा निसटला, तिसरा बसला. पुढच्या ब्रेकची मूठ आणि घंटी दोन्ही डावीकडे गेल्या.

"एवढा खटाटोप कशाला?" धाकटा वैतागून म्हणाला. "हात पट्ट्याने बांधून टाक की."

"नाही. पडलास तर हात सुटला पाहिजे."

"म्हणजे मी पडणार आहे?"

"सगळेच पडतात. उठताना हात मोकळा लागतो."

मग आली चाके. मित्रांनो, तुम्ही चाक विणताना पाहिले आहे का? हब म्हणजे एक गोळा, रिम म्हणजे रिकामे कडे, आणि टेबलावर छत्तीस सुट्या तारा. एक वरून, एक खालून, एक पुढे, एक मागे अशी ताई त्या ओवत गेली. शेवटची तार बसेपर्यंत सगळे लुळे होते. मग तिने एक एक तार चावीने आवळायला घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या लुळ्या जाळ्यात बळ आले. उंदराच्या शेपटीएवढ्या तारा, आणि त्यांवर अख्खा माणूस तोलला जातो!

पुढचे चाक झाले. मागचे मात्र हट्टाला पेटले. त्याचा आऊट, म्हणजे फिरतानाची डगमग, काही निघेना. डावीकडची लचक काढली की उजवीकडे दिसे. सरळ झालेसे वाटले आणि जोर देऊन दाबले की पुन्हा वाकडे. ताईने दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ती तारा बोटाने छेडत तपासत होती, तेव्हा स्टुलावरून आवाज आला.

"व्हॉल्व्हपासून सातवी तार खाली बोलतेय."

ताईने मान वर केली. धाकटा वर्तमानपत्रातच बघत होता. तिने सातवी तार छेडली, मग शेजारची. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

"आणि तिच्या समोरची फार वर चढलीये," तो म्हणाला. "तू सगळ्यांना त्या दोघींसाठी राबवतेयस. चाक सरळ दिसेल, पण टिकणार नाही."

ताईने चावी त्याच्यापुढे धरली.

"ये, तूच बघ."

"माझ्या हाताने होत नाही आता."

"डाव्याने कर."

"डाव्याने मी जन्मात चावी फिरवली नाही."

"ते चाकाला कुठे ठाऊक आहे?"

त्याने वर्तमानपत्र घडी करून ठेवले. मग उठला, चाकासमोर बसला आणि डाव्या हातात चावी घेतली. आधी ती दोनदा निसटली. तार छेडायला मोकळा हात उरला नाही तेव्हा त्याने न कळत उजवा हात पुढे केला. ते आखडलेले बोट तारेत अडकले आणि सुटले. टणत्कार झाला. तो जागच्या जागी थिजला. मिटता न येणारे, आकड्यासारखे वाकडे झालेले बोट, आणि तार छेडायला त्याहून चांगले बोट शोधून सापडले नसते.

मग दुपार कशी सरली ते कुणालाच कळले नाही. पाव फेरा आवळ, अर्धा सोड, ऐक. पुन्हा ऐक. गिऱ्हाईक आले, ताईने ओठांवर बोट ठेवून त्याला बाहेरच थांबवले. उन्हाची तिरीप भिंतीवरच्या पान्यांवरून सरकत कोपऱ्यात गेली. शेवटी धाकट्याने चाक फिरवले आणि फिरत्या तारांना पेन्सिलीचे टोक लावले. छत्तीस तारांतून एकच सूर निघाला. कुठे खड्डा नाही, उंचवटा नाही. मी शर्यतींत टाळ्या ऐकल्या होत्या, पण असे काही ऐकले नव्हते. पोलादाला गाता येते हे मला त्या दिवशी कळले.

ताईने रिमला अंगठा लावून पाहिला. ती फक्त "आऊट गेला" म्हणाली आणि चहा करायला वर गेली. जिन्यात ती जरा वेळ थांबल्याचे मला ऐकू आले.

दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या गाण्याच्या बाई पंक्चर काढायला आल्या. धाकट्याला पाहून त्या चमकल्या.

"अहो, तुम्ही इथे आहात होय! आमचा पियानो आठ महिन्यांत कुणी जुळवला नाही. आता मुलंसुद्धा त्याच्या जोडीनं बेसूर गायला लागलीत."

"दुसरं कुणी बघा," धाकटा म्हणाला.

"बघितलं. तो गृहस्थ म्हणाला, यात काही राम उरला नाही. आता शाळेच्या समितीनं ठरवलंय, शनिवारी हमाल येऊन घेऊन जाणार. भंगारात."

पंक्चर निघाले, बाई गेल्या. त्या दिवशी धाकट्याने वर्तमानपत्र उघडलेच नाही.

बुधवारी सकाळी ताईने टेबलावर मागच्या चाकाच्या तीन चकत्या मांडल्या. सोळा दात्यांची, अठरा दात्यांची आणि वीस दात्यांची. पुढची चकती बेचाळीस दात्यांची ठरली होती. बिनगिअरच्या सायकलला ही एकच निवड जन्मभर पुरते. मागे दाते कमी असले तर सपाटीवर वेग मिळतो, पण चढावर दम निघतो. जास्त असले तर चढ सोपा जातो, पण सपाटीवर पाय भराभर फिरवावे लागतात.

"किती लावतेयस?" धाकट्याने विचारले.

"अठरा. पाय चांगले आहेत तुझे."

"वीस लाव."

"वीस? सपाटीवर नुसते पाय फिरवत बसशील."

"बसेन. शाळेकडे चढ आहे. आणि पिशवी जड असते."

ताईचा हात हवेतच राहिला. त्याने बोललेले परत घेण्याआधी तिने घाईघाईने वीस दात्यांची चकती उचलली. पुढच्या आणि मागच्या चकतीला लोखंडी पट्टी टेकवून पाहिली. जरा तिरके होते, म्हणून मागची चकती उलटी करून बसवली. पट्टी सरळ आली. मग चेन चढवली आणि चेन हवी तेवढी ताठ होईपर्यंत चाक मागे ओढले. तेव्हा माझ्या त्या लांब खाचा कामी आल्या. सीट तिने आपल्या स्वतःच्या सायकलची काढून मला लावली. "माझी नवी येईल," एवढेच म्हणाली.

गुरुवारी अंगणात फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला आम्ही दोघे जुन्या टायरांच्या ढिगात पडलो. धाकट्याचा हात सुटला, तो उठला, बाहीवरची माती झटकली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा खो खो हसला.

शुक्रवारी सकाळी खाटेखालची पिशवी बाहेर आली आणि माझ्या कॅरिअरवर बांधली गेली. ताई दारात उभी राहिली. मागून पळायचे नाही, असे तिला बजावण्यात आले होते.

शाळेचा चढ लागण्याआधी बाजाराचा उतार आहे. तिथे आम्ही वेग घेतला. कोपऱ्यावरून अचानक फुलांची हातगाडी पुढे आली. तिचे चाक आता रडत नव्हते, त्यामुळे ती येतेय हे कळलेच नाही. अठरा वर्षांची सवय! धाकट्याचा उजवा हात ब्रेक दाबायला झेपावला. तिथे बुचाचा टेका, ब्रेक नाहीच. घाबरून डाव्या अंगठ्याने घंटी मात्र वाजवली. मला वाटले, संपले सगळे. तेवढ्यात त्याच्या पायांना आठवले. पायडल मागे दाबले गेले. हबच्या पोटात शंकू सरकला, पट्ट्या फाकल्या आणि माझ्या मागच्या नळ्या थरथरल्या. आम्ही गाडीपासून वीतभर अंतरावर थांबलो.

"पूर्वी बरं होतं, माझ्या गाडीचा आवाज तरी यायचा!" फुलवाली ओरडली. मग तिने मला न्याहाळले आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! हा तर माझा वेलवाला!"

घर मागे होते, शाळा पुढे. धाकट्याने पिशवीची गाठ तपासली आणि पुन्हा माझ्यावर बसला. चढावर वीस दात्यांनी आपला शब्द पाळला. आम्ही हळू गेलो, पण कुठेही उतरलो नाही.

त्याने मला शाळेच्या मोठ्या खोलीच्या दाराबाहेर भिंतीला टेकवले. आत काय चालले होते ते मला दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात. प्रत्येकीची चावी डाव्या हाताने फिरवायची आणि पट्टी दाबायची ती उजव्याच्या आखडलेल्या बोटाने. एकच पट्टी मी शंभरदा ऐकली. कधी चावी निसटे, कधी सूर सापडून पुन्हा हरवे. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आले नाही आणि मला भीती वाटली. मग पुन्हा तीच पट्टी वाजली. शुक्रवार असा गेला. शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा आलो.

दहाच्या सुमारास चार हमाल जाड दोर घेऊन आले.

"उचलायचं कुठलं?" त्यांच्या मुकादमाने दारातून विचारले.

"अजून अकरा तारा राहिल्यात," आतून धाकटा म्हणाला. "थांबा जरा."

हमाल बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने ताई आली. दुकान बंद करून, हात न धुता. ती माझ्या सीटवर हात ठेवून उभी राहिली.

"आत जा ना," गाण्याच्या बाई म्हणाल्या.

"नको. मी दिसले की तो माझ्याकडे बघेल. त्याला तारांकडे बघू दे."

अकरा तारांना दीड तास लागला. मग बाई आत गेल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी काहीतरी वाजवायला घेतले. मित्रांनो, त्या आवाजाने भिंत हलकेच गुणगुणू लागली, भिंतीतून तो माझ्या आठही नळ्यांत उतरला. कारण मी पोकळ आहे ना! आतल्या पोकळीचा मला कधी उपयोग कळला नव्हता. ताईचा हात सीटवर घट्ट आवळला गेला. वाजवणे थांबल्यावर मुकादम उठला, दोराची वेटोळी करून खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "चला रे. हे उचलायचं नाही."

धाकटा बाहेर आला. शर्ट घामाने चिंब झाला होता.

"ताई," तो म्हणाला, "पुढच्या चाकात ग्रीस कमी पडलंय. चढावर कुरकुरतंय."

"बघते," ताई म्हणाली आणि वंगणाच्या हातानेच डोळे पुसले. गालावर काळा पट्टा उमटला, पण ती घरी जाईपर्यंत तिला तसे कुणी सांगितले नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. धाकटा माझ्यावर बसून गावभर फिरतो. माझी चेन चारदा बदलली, टायर कितीदा ते मोजलेच नाहीत. दर रविवारी तो माझ्या तारा छेडून पाहतो, चेनवर दोन थेंब तेल सोडतो आणि वरचे जास्तीचे पुसून काढतो. मी कुरकुरलो तर तो रागावत नाही. थांबतो आणि कुठे दुखतेय ते ऐकतो. मित्रांनो, तुमच्याकडे असलेली सायकल असो, शिलाई यंत्र असो की दाराची कडी असो, ती कुरकुरली तर तिला आदळू नका. तिला दुसरी भाषा येत नाही. वेळेवर तेलाचा एक थेंब मिळाला तर आमच्यासारख्या वस्तू माणसाला जन्मभर पुरतात.

मागच्या आठवड्यात एक बाई काठी टेकत दुकानात आली. तिचा एक गुडघा पूर्ण वाकत नाही. दारातच थांबून तिने विचारले, "मला सायकल चालवता येईल का हो?"

ताईने येईल म्हटले नाही, येणार नाही असेही म्हटले नाही. तिने स्टूल पुढे सरकवले, मोजपट्टी काढली आणि जमिनीवर गुडघे टेकून बसली.

"पाय कुठपर्यंत वर येतो," ती म्हणाली, "ते आधी दाखवा."